ओव्हरटेक दोन वळणं आधीच सुरू होतो: बघायचा कसा, करायचा कसा

युरोपातली फॉर्म्युला वनची शर्यत बहुतेक वेळा आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुटते. रत्नागिरीत आमच्या घरी ती देवापाशी दिवा लावायची वेळ. गेल्या वर्षी माझा भाचा पहिल्यांदा शेजारी येऊन बसला आणि दहाव्या लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या दहाव्या फेरीला, त्यानं विचारलं, "मामा, मागचा एवढा फास्ट आहे ना? मग पुढे का जात नाही?"

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पुढचे पाच-सहा रविवार लागले. ते उत्तर इथे क्रमानं मांडतो. २००५ साली आपला भारताचा नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाच्या गाडीत बसला तेव्हापासून मी शर्यती बघतोय, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. टीव्हीवर आपल्याला ओव्हरटेकचा फक्त शेवट दिसतो. तो ठरलेला असतो आधीच्या वळणातून बाहेर पडताना, आणि बऱ्याचदा तिथे मागचा ड्रायव्हर मुद्दाम थोडा मागे राहिलेला असतो. हे एकदा नजरेला कळलं की शर्यत बघणंच बदलतं. घरी टेबलाला स्टिअरिंग लावून सिम्युलेटर खेळणाऱ्यांना आणि आंबा घाट चढून कोल्हापूरला कार्टिंगला जाणाऱ्या पोरांनाही याचा थेट उपयोग होतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, आणि ती मनापासून सांगतो. यातलं काहीही रस्त्यावर करायचं नाही. ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकाच दिशेनं जातात, समोरून कोणी येत नाही, वळणाबाहेर मोकळी जागा असते आणि पुढे अपघात झाला तर झेंडा दाखवायला मार्शल उभे असतात. परशुराम घाटात किंवा भोस्ते घाटात यातलं काहीच नसतं. तिथे समोरून एसटी येते. ओव्हरटेकची हौस असेल तर ती ट्रॅकवर तिकीट काढून भागवा.

अंतर मीटरमध्ये बघू नका, सेकंदांत बघा

पहिली सवय ही लावायची. पडद्यावर डावीकडे दोन गाड्यांमधलं अंतर सेकंदांत येतं, ०.८, १.२ असं. नवीन माणूस ते सोडून गाड्यांकडे बघतो आणि फसतो. सरळ रस्त्यावर गाड्या लांब वाटतात, वळणात एकमेकींना चिकटलेल्या वाटतात, म्हणून त्याला वाटतं की मागचा वळणात जवळ आला आणि सरळवर मागे पडला.

हिशेब करून बघा. ताशी ३०० किलोमीटर वेगात एका सेकंदात गाडी ८३ मीटर जाते. ताशी ८० च्या हळू वळणात तीच गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. म्हणजे अर्ध्या सेकंदाचं अंतर सरळवर ४० मीटरहून जास्त दिसेल आणि वळणात ११ मीटर. अंतर तेच असतं, बदलतो तो वेग. म्हणून दर लॅपला ट्रॅकवरच्या एकाच जागी, शक्यतो मोठ्या सरळच्या सुरुवातीला, आकडा बघायचा. तिथे तो १.१, ०.९, ०.७ असा उतरत असेल तर हल्ला येतोय असं समजा. दुसरीकडे कुठे कमी झाला तर त्याला फार महत्त्व देऊ नका.

ढवळलेल्या हवेचा त्रास समजून घ्या

आता भाच्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर. फॉर्म्युला वनची गाडी वळणात रस्त्याला धरून राहते ती नुसत्या टायरच्या जोरावर नाही. पंख आणि गाडीचा तळ हवेच्या मदतीनं तिला खाली दाबतात, याला डाउनफोर्स म्हणतात. त्यासाठी समोरून येणारी हवा शांत, सरळ यावी लागते. पुढची गाडी तीच हवा फाडून मागे भोवरे सोडते.

आपल्याकडच्या माणसाला हे समजवायला मी ट्रॉलर आठवायला सांगतो. मिरकरवाड्याहून निघालेल्या मोठ्या ट्रॉलरच्या अगदी मागे छोटी होडी घातली तर काय होतं? पाणी ढवळलेलं, फेसाळलेलं असतं. सुकाणू वळवलं तरी होडी लगेच ऐकत नाही. मागच्या गाडीच्या पुढच्या पंखाचं अगदी तसंच होतं. ड्रायव्हर स्टिअरिंग वळवतो आणि नाक बाहेर सरकत राहतं. घसरण्यानं टायर तापतात, तापले की पकड आणखी कमी होते, आणि दोन-तीन लॅपमध्ये त्याला मागे राहून टायर थंड करावे लागतात. जो मघाशी वेगवान दिसत होता तो एकदम मंदावलेला दिसतो तो यामुळे.

हा त्रास किती मोठा होता ते फॉर्म्युला वननं स्वतःच जाहीर केलेल्या आकड्यांवरून कळतं. २०२१ पर्यंतच्या गाडीचा पुढच्या गाडीच्या २० मीटर मागे ३५ टक्के डाउनफोर्स जायचा आणि १० मीटर मागे ४६ टक्के. २०२२ मध्ये गाडीच्या तळावर भर देणारे नवे नियम आले, तेव्हा हेच नुकसान ४ आणि १८ टक्क्यांवर आणायचं ठरलं होतं. पहिल्या वर्षी फरक जाणवला. पण पुढे संघांनी आपापल्या वेगासाठी गाड्या सुधारत नेल्या आणि भोवऱ्यांचा त्रास पुन्हा वाढत गेला.

तेव्हा बघताना विचारा की मागचा वेगवान वळणांत किती जवळ राहू शकतोय. तिथे तो सेकंदाच्या आत टिकत असेल तर त्याच्या गाडीत दम आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: सरळच्या आधीचं वळण

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळा लेख या एका मुद्द्यासाठी आहे.

समजा, एक हळू वळण आहे आणि त्यानंतर आठ सेकंदांची सरळ. दोन्ही गाड्यांचं इंजिन सारखंच. मागचा ड्रायव्हर वळणातून पुढच्यापेक्षा फक्त ताशी ५ किलोमीटर जास्त वेगानं बाहेर पडला. ताशी ५ म्हणजे सेकंदाला १.४ मीटर. आठ सेकंद हा फरक टिकला तर ११ मीटर, म्हणजे जवळजवळ दोन गाड्यांची लांबी. आता उलटा हिशेब करा. सरळच्या शेवटी ताशी ३०० नं येताना ५ मीटर उशिरा ब्रेक दाबला तर वाचतो ०.०६ सेकंद. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. उशिरा ब्रेक मारणं धाडसाचं दिसतं, टाळ्या त्यालाच मिळतात, पण मोठी कमाई आधीच्या वळणात झालेली असते.

ही कमाई करायची कशी, ते पायरी-पायरीनं सांगतो.

त्या वळणात शिरताना पुढच्याच्या शेपटाला चिकटायचं नाही. अर्ध्या गाडीचं, कधी पूर्ण गाडीचं अंतर सोडायचं. चिकटलात तर त्यानं ब्रेक दाबला की तुम्हालाही दाबावा लागतो आणि तो गॅस देईपर्यंत तुम्ही अडकून पडता. तुमचा वेग मग तोच ठरवतो.

मग वळणात थोडं उशिरा वळायचं. वळणाची सगळ्यात आतली जागा, जिला ड्रायव्हर एपेक्स म्हणतात, तिला नेहमीपेक्षा जरा पुढे जाऊन स्पर्श करायचा. आत शिरताना थोडा वेळ जातो, तो जाऊ द्यायचा. बदल्यात बाहेर पडताना स्टिअरिंग लवकर सरळ होतं आणि गॅस आधी पूर्ण देता येतो. पुढचा बचावासाठी आतली बाजू धरून वळत असेल तर त्याचं बाहेर पडणं अरुंद होतं आणि तुमचा फायदा दुप्पट.

गॅस मात्र एकदाच आणि ठाम द्यायचा. दिला, घाबरून सोडला, पुन्हा दिला, असं झालं की आधी सोडलेलं अंतर फुकट गेलं.

माझं म्हणणं अबूधाबीच्या यास मरीना ट्रॅकवरून पटेल. २०१० च्या शेवटच्या शर्यतीत फर्नांडो अलोन्सोला वर्षभराच्या विजेतेपदासाठी चौथा क्रमांक पुरला असता. पिटमधून, म्हणजे टायर बदलायच्या जागेतून, तो विटाली पेत्रोवच्या मागे बाहेर आला आणि शेवटपर्यंत मागेच राहिला. शर्यतीत सातवा आला, विजेतेपद सेबास्टियन फेटेलला गेलं. तिथे लांबलचक सरळ आहे, मग ओव्हरटेक का होईना? सरळच्या आधी एक नागमोडी वळण होतं आणि लगेच यू-टर्नसारखं एक घट्ट वळण. त्यातून मागच्याला जवळ राहून बाहेर पडताच येत नव्हतं. २०२१ मध्ये ट्रॅक सुधारला तेव्हा ते नागमोडी वळण काढून टाकलं आणि घट्ट वळण मोठं केलं. सरळवर ओव्हरटेक वाढावेत म्हणून बदल केला तो सरळच्या आधीच्या वळणात. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं भारतीय ग्रां प्री झाली, तिथेही काही वळणांच्या तोंडाशी ट्रॅक मुद्दाम रुंद ठेवला आहे, म्हणजे मागच्याला आत शिरायला दुसरी वाट मिळावी.

सरळवर: वाऱ्याची सावली आणि यंत्राची मदत

वळणात नडणारी हवा सरळवर मदत करते. गणपतीपुळ्याच्या किनारी रस्त्यानं समोरच्या वाऱ्यात सायकल हाणताना दुसऱ्या सायकलच्या मागे गेलं की पाय हलके होतात, तेच हे. याला स्लिपस्ट्रीम म्हणतात. मात्र त्या आडोशातून बाहेर कधी यायचं ते ठरवावं लागतं. फार लवकर आलात तर वारा तुमच्याही छातीवर आणि पुढच्याला बचावाला वेळ. फार उशिरा आलात तर बाजूला यायला जागा उरत नाही. पुढच्या गाडीच्या मागच्या चाकांपर्यंत नाक पोचायच्या बेतात असताना बाजूला यायचं, हे माझ्या पोरांना मी सांगतो.

२०११ पासून २०२५ पर्यंत डीआरएस होतं. ठरलेल्या जागी पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत असलात तर सरळवर मागच्या पंखाची फळी उघडायची आणि वेग वाढायचा. २०२६ च्या नियमांत ते गेलं. आता सरळवर सगळ्याच गाड्यांचे पुढचे आणि मागचे पंख आडवे होतात, त्यामुळे त्याचा फायदा एकट्या मागच्याला नाही. त्याला वेगळी मदत आहे, ती विजेची. ताशी २९० किलोमीटरनंतर पुढच्या गाडीच्या इलेक्ट्रिक मोटरची ताकद उतरत जाते. एका सेकंदाच्या आत असलेल्याला मात्र ती पूर्ण ३५० किलोवॅट ताकद ताशी ३३७ पर्यंत वापरता येते. बॅटरी मर्यादित असते हे विसरू नका. सगळी वीज एका सरळवर जाळून पुढे गेलेला ड्रायव्हर पुढच्या सरळवर उघडा पडू शकतो. म्हणून ओव्हरटेक झाला की लगेच टाळी वाजवू नका, अजून दोन सरळ बघा.

ब्रेक आणि वळणाचा हक्क

ब्रेक सरळ रेषेत, जोरात दाबायचा आणि वळताना हळूहळू सोडायचा. आतून जाताना वळण घट्ट असतं, म्हणून नेहमीच्या जागेपेक्षा थोडा आधी ब्रेक लागतो. हे उलटं वाटतं, पण आतून शिरणारे बहुतेक नवखे इथेच चुकतात. ते उशिरा दाबतात, एपेक्स चुकवतात, बाहेर फेकले जातात आणि मागचा आतून आरामात परत पुढे जातो.

हक्काचे नियम साधे आहेत, आणि ते माहीत असले की टीव्हीसमोरची निम्मी भांडणं मिटतात. शर्यतींचे नियम करणाऱ्या एफआयए या संस्थेच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, आतून ओव्हरटेक करणाऱ्याची पुढची चाकं वळणाच्या एपेक्सपाशी निदान समोरच्याच्या आरशाच्या बरोबरीला असायला हवीत, आणि गाडी ताब्यात असायला हवी. ऐनवेळी मुसंडी मारून कशीबशी पोचवलेली चालत नाही. बाहेरून जाणाऱ्याला अट कडक आहे. एपेक्सपाशी त्याची पुढची चाकं समोरच्याच्या पुढच्या चाकांच्याही पुढे हवीत. बचाव करणाऱ्यानं एकदाच बाजू बदलायची, आणि ब्रेक दाबलेला असताना मुळीच नाही. ट्रॅकबाहेर जाऊन जागा कमावली तर परत द्यायची. २०२४ च्या मेक्सिकोच्या शर्यतीत लँडो नॉरिसशी झुंजताना मॅक्स फर्स्टॅपनला दहा-दहा सेकंदांच्या दोन शिक्षा झाल्या होत्या, एक त्याला बाहेर ढकलल्याबद्दल आणि दुसरी ट्रॅकबाहेर जाऊन फायदा घेतल्याबद्दल. मला तो निर्णय योग्यच वाटला. शेजारी गाडी आहे हे माहीत असताना जागा न सोडणं हे कौशल्य नाही.

पुढे गेल्यावर काय? आणि मागे पडल्यावर?

आतून येणाऱ्याला थांबवता येत नसेल तर त्याला येऊ द्या. तो खोल जाईल, त्याचं बाहेर पडणं बिघडेल. तुम्ही रुंद शिरा, उशिरा वळा आणि त्याच्या आतून बाहेर पडा. याचा उत्तम धडा २०२२ च्या बहारीनमध्ये मिळतो. फर्स्टॅपन पहिल्या वळणात फेरारीच्या शार्ल लेक्लेर्कच्या पुढे जायचा आणि लेक्लेर्क चौथ्या वळणात परत पुढे यायचा, लागोपाठच्या लॅपमध्ये. लेक्लेर्क पहिल्या वळणात मुद्दाम लवकर ब्रेक दाबत होता, म्हणजे डीआरएस मोजायच्या रेषेवर आपण मागे असू आणि पुढच्या सरळवर पंख आपला उघडेल. भाच्यानं हा तुकडा चार वेळा मागे नेऊन बघितला आणि म्हणाला, "मामा, हा तर मुद्दाम हरतोय!" तिथून त्याला खेळ कळायला लागला.

पिटमधले ओव्हरटेक मी थोडक्यात उरकतो. लवकर आत जाऊन ताज्या टायरवर जोरात एक-दोन लॅप मारायचे आणि समोरचा पिटमधून येईस्तोवर पुढे निघायचं, याला अंडरकट म्हणतात. याहून मोठा जुगार २०१९ च्या हंगेरीत झाला. मर्सिडीज संघानं ४८ व्या लॅपला आपल्या लुईस हॅमिल्टनला दुसऱ्यांदा पिटमध्ये बोलावलं, वीसेक सेकंद मागे टाकलं, आणि ताज्या टायरवर त्यानं ७० पैकी ६७ व्या लॅपला फर्स्टॅपनला गाठलं. गाठणं गणितानं झालं, पण पहिल्या वळणात बाहेरून पुढे जाणं त्याचं त्यालाच करावं लागलं.

आता हातानं करून बघा

सिम्युलेटरवर आधी एकट्यानं एकच वळण घ्या, ज्याच्यापुढे लांब सरळ आहे. दहा लॅप नेहमीसारखे, दहा लॅप उशिरा एपेक्स धरून. सरळच्या शेवटी ब्रेक दाबायच्या आधीचा वेग वहीत लिहा. लॅपची वेळ बघू नका, हा आकडा बघा. मग एक गाडी पुढे ठेवा आणि पाच लॅप तिच्या मागे नुसते राहा, ओव्हरटेक करू नका. ती कुठे ब्रेक दाबते, कुठे घसरते ते टिपा. सहाव्या लॅपला जा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज मध्येच जाते, म्हणून वही. ती कुठे जात नाही.

भाड्याच्या कार्टमध्ये दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो आणि मागचा दांडा एकसंध असतो. स्टिअरिंग वळवून ब्रेक दाबलात तर कार्ट गर्रकन फिरते. म्हणून ब्रेक पूर्ण सरळ असतानाच. आणि कार्टची ताकद थोडी असल्यानं गेलेला वेग परत मिळवायला फार वेळ लागतो. तिथे आधीच्या वळणातून बाहेर पडण्याला फॉर्म्युला वनपेक्षाही जास्त किंमत आहे. धक्का मारून पुढे गेलात तर ट्रॅकवाले बाजूला घेतात, आणि बरोबरच करतात.

पाऊस

पावसात वरचं बरंचसं उलटं होतं, आणि आपल्या माणसाला ते कोणी शिकवायला नको. जांभ्याची पाखाडी आठवा. रोज जिथे सगळ्यांचे पाय पडतात तो पायरीचा मधला भाग झिजून गुळगुळीत झालेला असतो. जुलैत तिथे पाय ठेवला की माणूस आपटतो. म्हणून आपण कडेनं, खडबडीत दगडावर पाय टाकत उतरतो. ट्रॅकचंही तसंच. कोरड्यात जी वाट सगळ्यात चांगली, तिच्यावर टायरचं रबर घासून बसलेलं असतं आणि पाणी पडलं की तीच सगळ्यात निसरडी. पावसातला चांगला ड्रायव्हर वळणात बाहेरून, लांबची वाट धरतो. २०१६ च्या ब्राझीलमध्ये फर्स्टॅपन शेवटच्या पंधरा-सोळा लॅपमध्ये मागून तिसऱ्या क्रमांकावर आला तो अशाच वाटा शोधत. २०२४ मध्ये त्याच ट्रॅकवर, पावसातच, सतराव्या जागेवरून सुटून तो जिंकला.

पाऊस थांबला की पुन्हा उलटं. गाड्यांच्या वाटेवर एक कोरडी रेघ उमटते, सगळे तिच्यावर येतात, आणि ओव्हरटेक करायला चाकं ओल्यात घालावी लागतात. अशा वेळी ब्रेक लवकर, हलका, आणि स्टिअरिंग सरळ होईपर्यंत गॅस थांबवायचा.

गेल्या जूनमध्ये कोल्हापूरला आमच्या कार्टिंगच्या मधोमध एक सर येऊन गेली. सगळी पोरं नेहमीच्या वाटेवर घसरत होती. भाचा घट्ट वळणात एकटाच पार कडेनं गेला, हळू, मोठा वळसा घालून, आणि सरळवर दोघांना मागे टाकून निघाला. उतरल्यावर हेल्मेट काढत म्हणाला, "पाखाडीसारखंच आहे की, मामा."